तुमचे चिरंजीव आणि त्यांचा ट्रॅक्टर

लँकेस्टर काउंटी, पेनसिल्व्हेनिया

ती. आबा आणि आईंना सूनबाईचा शि. सा. न. वि. वि.

आबा, गेल्या फोनला तुम्ही विचारलंत, सुट्टीच्या दिवशी चिरंजीव कॅमेऱ्यासमोर का येत नाहीत? ट्रॅक्टरवर असतात, असं नातीने परस्पर सांगून टाकलं. पोरीने वडिलांची बाजू सांभाळली. बहुतेक वेळा ते ट्रॅक्टरखाली असतात. निफाडला द्राक्षबागेत फवारणी निघाली की ज्यांचा नेमका अभ्यास निघायचा आणि मातीत पाय घालायला नको म्हणून जे पुण्याला कॉम्प्युटर शिकायला गेले, त्यांनी साता समुद्रांपलीकडे येऊन पाच एकरांतलं घर घेतलं. घर तसं छोटंच आहे. पाच एकर मात्र फार मोठे आहेत.

आईंचा प्रश्न पहिल्यापासून एकच: एवढं गवत कापता, तर जनावरं किती? एकही नाही. वसंतात गवत वाढायला लागतं. वाढलं की कापायचं, कापलं की तिथेच टाकायचं, ते कुजून त्याच्याच खतावर पुन्हा वाढलं की पुन्हा कापायचं. हिमवर्षाव सुरू होईपर्यंत हाच खेळ. यात कोणाचा काय फायदा, हे घरात अजून कोणाला सांगता आलेलं नाही. घराजवळचं बारीक गवत ट्रॅक्टरच्या पोटाखालच्या मोवरने कापतात. मागचं कंबरभर माजलेलं रान मागे जोडायच्या रोटरी कटरने.

ट्रॅक्टर तुमच्या बागेतल्या मिनीच्या मापाचाच आहे, पंचवीस एचपीला जेमतेम कमी. हे ‘जेमतेम’ उगाच नाही. २५ एचपीच्या वरच्या डिझेल इंजिनांना इथे २०१३ पासून धुराचे नियम फार कडक झाले. त्या इंजिनांना बहुधा काजळीची गाळणी बसवावी लागते आणि ती काजळी मधूनमधून उष्णतेने जाळून गाळणी साफ करावी लागते. म्हणून कंपन्या चोवीस-साडेचोवीसवर थांबणारी मॉडेलं भराभर काढतात आणि चिरंजीवांसारखी माणसं ती भराभर घेतात. महिंद्रा का नाही घेतला म्हणून आबांनी आठवडाभर धरलेला अबोला सगळ्यांच्या लक्षात आहे. महिंद्राने अमेरिकेत १९९४ सालीच दुकान मांडलंय, तांबडे ट्रॅक्टर इथेही दिसतात. पण सेकंडहँड आणि बेताच्या तासांचा मिळाला तो नेमका नारिंगी. हो, इथेही ट्रॅक्टरचं वय तासांतच सांगतात. किती किलोमीटर चाललाय असं चिरंजीवांनी विकणाऱ्याला विचारलं, तेव्हा तो भला माणूस टोपी काढून डोकं खाजवत राहिला.

शेजार आमिश लोकांचा आहे. हे लोक विजेची तार घरात घेत नाहीत, मोटार बाळगत नाहीत, घोडागाडीतून बाजारात जातात. नांगरट खेचरांवर. ट्रॅक्टर त्यांना अगदीच वर्ज्य नाही, गोठ्यापाशी एखादं यंत्र फिरवायला लोखंडी चाकांचा उभा करतात, पण शेतात घालत नाहीत. सहा खेचरं एका ओळीत जुंपून शेजारी नांगर चालवतो आणि कुंपणाच्या अलीकडे चिरंजीव स्टार्टर मारत बसलेले असतात. शेजारी कधी काही बोलत नाही. रविवारी तर तो कामच करत नाही, धर्माने बंदी आहे. पांढरा शर्ट घालून पडवीत बसतो आणि अलीकडचा कार्यक्रम पाहतो.

त्यातला सर्वांत मोठा कार्यक्रम पहिल्या बर्फाला झाला. इथे शेतीकामाच्या डिझेलवर रस्त्याचा कर नसतो. नुसता केंद्राचाच कर गॅलनमागे २४.३ सेंट, तो वाचतो. ते ओळखू यावं म्हणून त्यात लाल रंग घालतात आणि रस्त्यावरच्या गाडीच्या टाकीत तो रंग सापडला तर भक्कम दंड. असं स्वस्त लाल डिझेल चिरंजीवांनी उन्हाळ्यातच साठवून ठेवलं, गृहकृत्यदक्ष म्हणून शाबासकीही मिळवली. मात्र उन्हाळी डिझेलमधलं मेण थंडीत गोठायला लागतं, डिझेल आधी गढूळ होतं, मग फिल्टर गच्च. जानेवारीत रस्ता बर्फाखाली आणि ट्रॅक्टर ढिम्म. बरं, मेण गोठू न देणारं औषध डिझेलमध्ये आधी घालावं लागतं. गोठल्यावर ओतून उपयोग थोडाच. अखेर फिल्टर काढला, गरम हवेचा पंखा लावला, नवा फिल्टर बसवला, तर एअर धरली. तेव्हा आबा, निफाडला रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि तुम्ही फोनवरून ‘ब्लीडचा नट अर्धा फेराच सैल कर, बुडबुडे संपेस्तोवर हापस, मग आवळ’ असं सांगत होतात. बुडबुडे संपले, डिझेलची सरळ धार आली, इंजिन लागलं. त्या धारेचा व्हिडिओ चिरंजीवांनी ऑफिसात सगळ्यांना दाखवला. आजोबांनी आठ हजार मैलांवरून ट्रॅक्टर चालू केला, असं नात शाळेत सांगून आली.

आता टायरांचं ऐका. पुढे लोडर आहे, त्याच्या बकेटमध्ये ओली माती भरून उचलली की मागची चाकं हलकी होतात आणि ट्रॅक्टर नमस्काराला वाकतो. म्हणून मागच्या टायरांत वजन भरतात. आपल्याकडे पाणी भरतात तसंच, पण इथे पाणी गोठेल. मग काय भरतात? बीटचा रस! बीटपासून साखर काढल्यावर उरणारी मळी. उणे ३५ अंशांच्या आसपासही ती गोठत नाही, रिमला गंज चढवत नाही आणि पाण्यापेक्षा साधारण तीस टक्के जड. कारखान्याच्या मळीचं काय काय करतात ते आबांनी आयुष्यभर पाहिलंय, पण ती टायरला पाजलेली काही पाहिली नसेल.

रस्त्याचं प्रकरण वेगळंच. फाटकापासून घरापर्यंत खडीचा रस्ता स्वतःचा, म्हणजे त्याचे खड्डेही स्वतःचेच. बॉक्स ब्लेड नावाचं एक औजार मागे लावतात, आपल्या लेव्हलरला दोन्ही बाजूंनी भिंती आणि पोटात दात असावेत तसं. चिरंजीवांनी दात वर घेऊन खडी नुसती ओढली, खड्ड्यांत भरली, रस्ता दृष्ट लागेल असा झाला. पहिल्या पावसात सगळे खड्डे जुन्या जागी हजर. आबांनी व्हिडिओ पाहिला आणि एवढंच विचारलं, ‘तळ उकरला का?’ खड्ड्याच्या तळाइतक्या खोल दात घालून सगळा थर मोकळा करायचा, मग पसरायचा आणि मधोमध उंचवटा ठेवायचा, म्हणजे पाणी दोन्हीकडे उतरून जातं. तसं केल्यावर रस्ता टिकला. हिवाळ्यात मात्र बर्फ ढकलताना निम्मी खडी गवतात जाते आणि एप्रिलमध्ये ती फावड्याने, दाताळ्याने वेचून परत रस्त्यावर आणायची. हे काम ट्रॅक्टरला जमत नाही. तुमच्या सुनेला जमतं, असा घरात समज आहे.

कामाला ट्रॅक्टर घेतला खरा, पण त्याच्या तैनातीला अख्खं घर लागलंय. लोडरच्या प्रत्येक सांध्याला ग्रीस निप्पल, आणि पुस्तकात लिहिलंय की दर दहा तासांनी ग्रीस मारा. ग्रीसगन तुमच्या नातीकडे आहे. आधी फडक्याने निप्पल पुसायचं, नाहीतर वरची माती ग्रीसबरोबर आत जाते. मग गनचं तोंड टक् करून बसवायचं आणि जुनं काळं ग्रीस सांध्याच्या कडेने बाहेर डोकावेपर्यंत दाबायचं. काही निप्पल अशा बेचक्यात आहेत की सापडतच नाहीत. तिने सगळ्यांना गुलाबी नेलपॉलिश लावून ठेवलं. आता अख्ख्या लोडरला गुलाबी टिकल्या आहेत, आणि खरं सांगायचं तर घरातली सर्वांत अक्कलहुशारीची दुरुस्ती तीच.

नातवाकडे रेडिएटरची जाळी. गवत कापताना भुसा जाळीवर बसतो, इंजिन तापतं, म्हणून ती काढून झटकायची. उंदरांचं खातं कोणाकडेच नाही, त्यामुळे ते जोरात चाललंय. हिवाळ्यात त्यांनी एअर फिल्टरच्या डब्यात घरटं केलं, आणि त्यात चिरंजीवांचा हरवलेला लोकरी मोजा सापडला.

आई, तुम्ही काळजी करता म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे तुमची सून. ट्रॅक्टर उलटणं हे इथल्या शेतांवरच्या मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण आहे. म्हणून सीटमागे लोखंडी कमान असते. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरांना ती १९५९ सालीच सक्तीची केली. कमान उभी असेल तर पट्टा बांधायचाच, म्हणजे उलटला तरी माणूस कमानीच्या आसऱ्यात राहतो. कमान दुमडलेली असेल तर पट्टा बांधायचा नाही. शेडचं दार बुटकं आहे, आत नेताना कमान दुमडावी लागते, आणि बाहेर आल्यावर ती उभी केल्याशिवाय तुमची सून कोणाला पुढे जाऊ देत नाही. उतारावर ग्राउंडहॉग नावाचा घुशीचा थोरला भाऊ बिळं करून ठेवतो, त्यात चाक गेलं की पोटात गोळा येतो. इंजिनाची ताकद मागच्या औजाराला देणारा पीटीओचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. ओढणी, सैल बाही, जॅकेटची नाडी, काहीही त्याच्याजवळ न्यायचं नाही. या बाबतीत घरात विनोद चालत नाही.

ट्रॅक्टरला कामाची मात्र कमी नाही. कुंपणालगतची ॲशची झाडं वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीला रस्त्यात आडवी पडतात. आशियातून आलेला एक हिरवा चकचकीत किडा २००२ मध्ये मिशिगनला सापडला, २००७ पर्यंत पेनसिल्व्हेनियात पोचला, आणि सालीखाली बोगदे करून त्याने ही झाडं उभी वाळवली. ज्या लाकडाच्या बेसबॉलच्या बॅटी होत, ते आता घरच्या शेगडीत जळतं. लोडरने ओंडके वाहायचं काम एवढं आहे की ट्रॅक्टर घेणं बरोबरच होतं, असं चिरंजीव दर वादळानंतर जाहीर करतात.

पोळ्याला नातीने ट्रॅक्टरला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं, बॉनेटवर पुरणपोळी ठेवली. शेजारी कुंपणाशी येऊन बघत होता. हा सण खरा बैलांचा, असं त्याला सांगितल्यावर त्याने खेचरांकडे पाहिलं आणि विचारलं, मग यांना का नाही? प्रश्न बिनतोड होता. उरलेल्या पुरणपोळ्या पलीकडे गेल्या. खेचरांनी खाल्ल्या की शेजाऱ्याच्या पोरांनी, ते कळलं नाही, पण ताट घासून परत आलं, वर भोपळ्याच्या पावाची एक लादी.

मे महिन्यात तुम्ही येणार, व्हिसाचे कागद वेगळ्या पाकिटात पाठवले आहेत. आबांनी पाने-पकडी आणू नयेत, इथे भरपूर आहेत, फक्त हवा तो पाना सापडत नाही. आईंनी काळा मसाला तेवढा आणावा.

कळावे, लोभ असावा.
तुमची सूनबाई

ता. क. — इथे वसंतात ‘मड सेल’ भरतात, गावच्या अग्निशमन दलासाठी चिखलात उभं राहून लिलाव. चिरंजीव आईंसाठी आमिश गोधडी आणायला गेले होते. खांबांचे खड्डे खणायचं गिरमीट घेऊन आले. शिवाय तिथे एक जुना फोर्ड ८एन पाहून ठेवलाय. १९४७ ते ५२ मध्ये पाच लाखांवर निघाले म्हणे, सुटे भाग अजून मिळतात, आणि औजारं जोडायची तीच फर्ग्युसनची तीन टोकं, म्हणजे पिनचं माप जुळलं तर निफाडचं औजारही बसेल. मालकाने किंमत कमी केली आहे. आबा, चिरंजीव तुम्हाला ‘सहज’ म्हणून फोन करतील, तेव्हा कृपा करून त्या ट्रॅक्टरचं कौतुक करू नका.