यादवराव

शेफिल्डमधल्या आमच्या गल्लीत यादवराव राहतात. आडनाव अर्थातच यादव नाही. अस्सल यॉर्कशायरचा माणूस, लालबुंद चेहरा, डोक्यावर केस नावापुरते, साठी उलटलेली, स्टीलच्या कारखान्यातून निवृत्त. पण हा गृहस्थ जागेपणी सतत याद्या करत असतो, म्हणून आमच्या घरात त्यांचं यादवराव झालं. आता माझ्या मुलीला त्यांचं खरं नाव विचारलं तर तीही जरा अडखळते.

याद्या गाण्यांच्या, आणि गाणी न्यू वेव्हची. म्हणजे पंकचा धुरळा खाली बसता बसता इंग्लंड-अमेरिकेत जे संगीत निघालं ते; साधारण १९७७ ते १९८४. पण ‘साधारण’ म्हणायची यादवरावांसमोर सोय नाही. सुरुवात ७६ ला धरायची की ७७ ला, यावर माणसं एकमेकांशी बोलेनाशी झालेली मी पाहिली आहेत. शेवटाबद्दल मात्र यादवराव ठाम आहेत: १३ जुलै १९८५, लाइव्ह एड या मैफलीचा दिवस. सगळे वेम्ब्लीच्या एकाच स्टेजवर चढले, आपल्या आईलासुद्धा ती गाणी आवडायला लागली आणि विषय संपला. त्यानंतरची गाणी त्यांनी ऐकली नाहीत असं नाही. धरली नाहीत.

दर बुधवारी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या पबमध्ये यादवरावांचं खंडपीठ बसतं. एक गणिताचे मास्तर, एक निवृत्त बस ड्रायव्हर आणि मास्तरांचे जावई. जावई ओहायोतल्या अ‍ॅक्रनचे. अ‍ॅक्रन हे डेव्हो या बँडचं गाव, त्यामुळे जावयांना सभासदत्व मिळालं. एरवी अमेरिकन माणसाला यादवराव खुर्चीसुद्धा सरकवत नाहीत. मी शेजारी म्हणून बसतो. मला मत नाही, फक्त पेन आहे. बियरच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर मी एक ते दहा आकडे घालतो आणि ‘सर्वोत्तम दहा’ची यादी सुरू होते. ती पूर्ण झालेली कुणी पाहिलेली नाही.

नियम कडक आहेत. एका बँडचं एकच गाणं. दुसऱ्याचं गाणं नव्याने म्हटलेलं असेल तर ते बाद. हा नियम मास्तरांना मान्य नाही, कारण त्यांचा जीव ‘टेन्टेड लव्ह’वर. १९८१ साली सॉफ्ट सेलने ते गाजवलं खरं, पण मूळ ग्लोरिया जोन्सचं, साठच्या दशकातलं. मास्तर म्हणतात, “मूळ ऐकलं होतं का कुणी?” यादवराव म्हणतात, “मी.” तेव्हा ते पाळण्यात असणार, हा हिशेब मास्तर तोंडी करतात आणि ग्लास उचलतात.

ड्रायव्हरसाहेबांचं एकच म्हणणं असतं. ‘कम ऑन आयलीन’. दर बुधवारी ते हे नाव मांडतात आणि दर बुधवारी ते फेटाळलं जातं. १९८२ साली ब्रिटनमध्ये सगळ्यात जास्त खपलेली सिंगल ती, पण यादवरावांचा नियम आहे: व्हायोलिन आलं की न्यू वेव्ह गेलं. एकदा ड्रायव्हर चिडून म्हणाले, “मग तुझ्या ‘व्हिएन्ना’त काय वाजतंय? मधे केवढा मोठा तुकडा आहे!” यादवराव शांतपणे म्हणाले, “तो व्हायोला. व्हायोला वेगळं.”

‘व्हिएन्ना’ हा यादवरावांचा हळवा कोपरा. अल्ट्राव्हॉक्सचं हे गाणं १९८१ च्या सुरुवातीला चार आठवडे दुसऱ्या क्रमांकावर अडकून पडलं. त्यातला पहिला आठवडा यादवरावांनी माफ केला आहे, कारण तेव्हा वर जॉन लेनन होता आणि त्याचा खून होऊन दोन-अडीच महिनेच झाले होते. पण पुढचे तीन आठवडे वर होतं जो डोल्चे नावाच्या इसमाचं ‘शडाप यू फेस’, इटालियन धाटणीच्या मोडक्या इंग्रजीतलं एक चावट गाणं. सेकंडहँड गाडी खराब निघाली, गुडघ्याचं ऑपरेशन लांबलं, पोरगा लंडनला गेला आणि फोन करत नाही. हे सगळं यादवरावांनी सहन केलं. ते तीन आठवडे नाही. २०१३ उजाडता उजाडता रेडिओच्या श्रोत्यांनी ‘दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या गाण्यांत सर्वोत्तम’ म्हणून ‘व्हिएन्ना’लाच निवडलं. अभिनंदन करायला गेलो तर म्हणाले, “मरणोत्तर पदक नको मला.”

आता मुळात न्यू वेव्ह म्हणजे काय, हे कुणी सांगेल तर शपथ. नाव फ्रेंच सिनेमावाल्यांकडून उचललेलं. अमेरिकेत पंक म्हटलं की रेडिओ स्टेशनवाले रेकॉर्ड हातात धरेनात, म्हणून सायर रेकॉर्ड्सच्या सेमूर स्टाइनने हे सभ्य नाव चालवलं. माल तोच, बरणीवरची चिठ्ठी बदलली. पुढे ब्रिटनमध्ये त्या नावाखाली गिटारवाली चलाख पोरं आली, एल्व्हिस कॉस्टेलो, बूमटाउन रॅट्स वगैरे. अमेरिकेत मात्र १९८१ ला एमटीव्ही सुरू झाल्यावर जो कोणी विचित्र केस कापून सिंथेसायझरमागे उभा राहील तो न्यू वेव्ह. त्यामुळे जावई एकेक नाव काढतात आणि यादवराव प्रत्येकाची रवानगी दुसऱ्या खात्यात करतात. ड्युरान ड्युरान? न्यू रोमँटिक. डिपेश मोड? सिंथपॉप. अ फ्लॉक ऑफ सीगल्स? “त्यांचा गायक आधी न्हावी होता आणि ते शेवटपर्यंत दिसत राहिलं.” एका दुकानदाराने माल खपवायला घातलेल्या कुंपणावर ही माणसं चाळीस वर्षांनी पहारा देतायत, असं माझं मत. मला मत नाही, म्हणून ते मी इथे लिहितोय.

यादवरावांच्या घरातही दुफळी आहे. शेफिल्डच्या ह्यूमन लीगचे १९८० साली दोन तुकडे झाले. दोघं जण बाहेर पडून हेवन सेव्हन्टीन झाले. फिल ओकीकडे नाव उरलं आणि दौरा तोंडावर. त्याने गावातल्या क्रेझी डेझी नावाच्या नाइट क्लबात नाचणाऱ्या दोन शाळकरी मैत्रिणी पाहिल्या आणि त्यांनाच बँडमध्ये घेतलं. यादवराव फुटीआधीच्या लीगचे. यादववहिनी फुटीनंतरच्या. शिवाय वहिनींचं म्हणणं, त्या रात्री त्या क्रेझी डेझीतच नाचत होत्या, पण नेमक्या खांबाआड. मी इथे आल्यापासून त्या वयाच्या ज्या ज्या बाई भेटल्या, त्या सगळ्या त्या रात्री तिथेच होत्या. क्लबात खांब किती होते, कोण जाणे.

वहिनींचं लाडकं ‘डोन्ट यू वॉन्ट मी’, १९८१ च्या ख्रिसमसचं पहिल्या क्रमांकाचं गाणं. खुद्द ओकीलाच ते फुसकं वाटत होतं. त्याने ते अल्बममध्ये सगळ्यात शेवटी ढकललं होतं आणि सिंगल म्हणून काढायलाही तो तयार नव्हता. यादवराव हा दाखला जेवताना वाचून दाखवतात. वहिनी भाजी वाढतात आणि म्हणतात, “पुरुषांना कुठे कळतं.”

एकदा यादवरावांनी मला ‘ब्लू मंडे’ दाखवली. दाखवली म्हणजे काय, आधी हात धुवायला लावले. मग पुसायला दिलं, मग पुसलेले हात उलटसुलट तपासले. आमच्या आजीचं सोवळं याहून सैल होतं. मार्च १९८३ ची न्यू ऑर्डरची बारा इंची रेकॉर्ड, वेष्टण पीटर सॅव्हिलने केलेलं, संगणकाच्या जुन्या फ्लॉपीसारखं काळं, खरोखरची भोकं पाडलेलं. त्यावर बँडचं नाव नाही, गाण्याचं नाव नाही. कडेला रंगांचे चौकोन, बस. ही रंगलिपी वाचायची किल्ली बँडच्या पुढच्या अल्बमच्या पाठीवर, आणि तो बाजारात आला मे महिन्यात. म्हणजे दोन महिने कुणालाच ते वाचता येत नव्हतं. यादवरावांनी एकेका रंगावर, न टेकवता, बोट फिरवत मला अक्षरं वाचून दाखवली. ही भोकं पाडण्यात इतका खर्च झाला की प्रत्येक प्रतीमागे कंपनीच्या खिशालाही भोक पडलं, अशी आख्यायिका आहे. ती सांगताना त्यांचा चेहरा कृतार्थ झाला होता. मी म्हटलं, “लावू या का?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी रेकॉर्ड पोळी लाटायला मागितली असावी.

खरं सांगायचं तर यादवरावांच्या घरात गाणी वाजताना मी फारशी ऐकली नाहीत. वाद अडला की पुराव्यादाखल वीस सेकंद वाजतात, तेवढीच.

माझं या खंडपीठात थोडं वजन वाढलं ते बप्पी लाहिरींमुळे. बगल्सचं ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’ चर्चेला आलं होतं. १९७९ चं गाणं. १ ऑगस्ट १९८१ ला एमटीव्ही सुरू झालं ते याच्याच व्हिडिओने. यादवराव सांगत होते की खरा जाणकार ब्रूस वूलीची आवृत्ती धरतो, कारण गाणं रचणाऱ्यांत तोही होता. मास्तरांनी पुराव्याचे वीस सेकंद लावले आणि माझ्या तोंडून आपसूक “औवा औवा” निघालं. सगळे थांबले. मी मोबाइलवर ‘डिस्को डान्सर’मधलं ‘कोई यहाँ नाचे नाचे’ लावलं. बप्पीदा, उषा उत्थुप, १९८२, मुंबई. पहिल्यांदाच त्या टेबलावर एक गाणं अख्खं वाजलं. यादवराव बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “हे नियमात कुठे बसतं?” मी म्हटलं, “दुसऱ्याचं नव्याने म्हटलेलं, म्हणून बाद.” “पण परवानगी न घेता म्हटलं असेल तर?” मास्तरांनी तो प्रश्न वहीत उतरवून घेतला.

ते वजन टिकलं नाही. पोलीस हा बँड मार्च १९८० मध्ये मुंबईत वाजवून गेला, हे यादवरावांना ठाऊक होतं. तेव्हा मुंबईत माझं कोण होतं, अशी उलटतपासणी झाली. मी मामाचं नाव सांगितलं.

“मग तो गेला होता?”

“नाही.”

“का?”

“बेस्टमध्ये होता. सेकंड शिफ्ट असेल.”

“बदलून घेता आली असती.”

त्यावर ड्रायव्हरसाहेबांनी मामाची बाजू घेतली. शिफ्ट अशी बदलून मिळत नसते, हे त्यांनी टेबलावर मूठ आपटून सांगितलं. माझ्या मामाचा एवढा कैवार आमच्या मामीनेही कधी घेतला नसेल.

दिवाळीला यादवराव सपत्नीक आमच्याकडे आले, चकलीला हात घातला आणि माझ्या बायकोच्या पैठणीकडे पाहून थबकले. “रेशीम?” ती खुशीत म्हणाली, “हो, येवल्याचं!” त्यावर ह्यूमन लीगच्या १९७८ च्या पहिल्या सिंगलमध्ये रेशमाचे किडे जिवंत उकळण्याचा निषेध कसा केला आहे, हे त्यांनी तिला सविस्तर समजावलं. जुन्या लीगचा थोरपणा यातच आहे म्हणाले. बायकोने तोंडावरचं हसू ढळू दिलं नाही. पुढच्या वर्षीपासून त्यांना फराळ डब्यातून घरपोच जातो.

गेल्या महिन्यातला एक बुधवार मात्र भलताच निघाला. जावयांना पहाटेचं विमान होतं, त्यांना वाद नको होता. कोट चढवता चढवता ते म्हणाले, “जाऊ दे, ‘व्हिएन्ना’ पहिलं. मान्य.” मास्तर पेपर तपासून थकलेले, त्यांनीही मान डोलावली. ड्रायव्हरसाहेबांनी थोडा वेळ घेतला, पण शेवटी तेही म्हणाले, “चांगलंच आहे गाणं. असू दे.” मी चकतीवर एक नंबरसमोर ‘व्हिएन्ना’ लिहिलं आणि चकती यादवरावांपुढे सरकवली.

यादवरावांनी ती हातात घेतली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सगळ्यांकडे एकदा पाहिलं. कुणीच काही बोलेना. मग त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि नाव खोडलं.

“हे न्यू वेव्ह धरता येणार नाही,” ते म्हणाले. “यात व्हायोला आहे.”

“व्हायोला वेगळं!” ड्रायव्हरसाहेब ओरडले.

जावयांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला. मास्तर पुढची फेरी आणायला उठले.