मुद्देमालातला शिक्का

बुडालेल्या पतसंस्थेच्या कॅशियरला दुचाकीच्या शोरूममध्ये हिशेबनिसाची नोकरी मिळता मिळता राहिली. मुलाखत झाली, टॅली येतं का ते विचारून झालं, पगारही ठरला. म्हणजे त्यांनी आकडा सांगितला आणि याने मान हलवली. मग एचआरच्या मॅडम म्हणाल्या, आधीच्या संस्थेचं अनुभव प्रमाणपत्र आणा. लेटरहेडवर, सहीनिशी, आणि खाली गोल शिक्का. चौकोनी चालणार नाही. (चौकोनी शिक्क्याने यांचं काय घोडं मारलंय, देव जाणे.)

गोल शिक्का पोलिसांकडे आहे.

संस्थेचं मुख्य कार्यालय सील झालं त्या दिवशीच्या पंचनाम्यात त्याची रीतसर नोंद आहे : ‘रबरी शिक्का, गोल, लाकडी मुठीचा, वापरता, नग एक.’ त्याखाली ‘शाईचे पॅड, वाळलेले, नग एक.’ तिजोरीतल्या रोख रकमेची नोंद याच्या वर आहे, पण ती वाचायला फार वेळ लागत नाही. ठेवीदारांचे पैसे कुठे गेले याचा शोध अजून चालू आहे. शिक्का मात्र पहिल्याच दिवशी हाती लागला. तपासातली आजवरची सर्वांत भरीव कामगिरी तीच.

आता हा शिक्का ठेवीदारांच्या हितरक्षणासाठीच्या १९९९ च्या एमपीआयडी कायद्याखालच्या गुन्ह्यातला मुद्देमाल झाला. तो सोडवायचा तर कोर्टात अर्ज. कॅशियर वकिलाकडे गेला. वकीलसाहेबांनी आजवर ट्रॅक्टर सोडवलेत, वाळूचे डंपर सोडवलेत, एकदा दोन म्हशीही सोडवल्या. शिक्का सोडवायला आलेला हा पहिलाच पक्षकार. त्यांनी विचारलं, मालक कोण? संस्था. संस्था कुठाय? अवसायनात. मग अर्ज अवसायकाने करायचा, तुम्ही कोण? कॅशियर म्हणाला, मी कोण होतो एवढंच लिहून हवंय, साहेब.

अवसायक सहायक निबंधकाच्या कार्यालयात बसतात. त्यांच्याकडे बुडालेल्या आणखी तीन संस्थांचा कार्यभार आहे आणि एकीचंही कपाट नाही. माणूस सज्जन. त्यांनी पत्र दिलं : ‘सदर इसम उक्त संस्थेत नोकरीस होते किंवा कसे, याबाबतचे दप्तर तपास यंत्रणेच्या ताब्यात असल्याने या कार्यालयास सांगता येत नाही. सबब सदर इसमाच्या कामाबद्दल या कार्यालयाची कोणतीही तक्रार नाही.’ आमच्या मते याहून चांगलं वर्तणुकीचं प्रमाणपत्र महाराष्ट्रात आजवर कोणाला मिळालेलं नाही. पत्रावर शिक्काही होता. आयताकृती.

मॅडमनी ते परत केलं.

आता कोर्टासमोरच्या टपरीत अर्ध्या तासात हवा तसला गोल शिक्का करून मिळतो, मधे कमळ हवं असेल तर तेही. मित्रांनी कॅशियरला तो मार्ग सुचवला. तो नाही म्हणाला. तेरा वर्षं त्या संस्थेत काढूनही ज्या माणसाचा हात खोटा शिक्का मारायला धजत नाही, त्याला तिथे काय चालायचं हे शेवटपर्यंत का कळलं नसेल, ते यावरून ओळखावं. मारला असता तर तो खऱ्या अर्थाने संस्थेचा माणूस झाला असता, आणि संस्थेच्या माणसांचं पुढे काय वाईट झालेलं नाही, ते सांगतोच.

शोरूमच्या अर्जात ‘आधीची नोकरी सोडण्याचे कारण’ असा एक रकाना होता. याने लिहिलं, ‘कार्यालयास सील.’ मॅडमनी विचारलं, संस्था बुडत होती तेव्हा तुम्ही काय करत होता? म्हणाला, काउंटरवर होतो. आधीच राजीनामा का दिला नाहीत? म्हणाला, राजीनामा मॅनेजरकडे द्यायचा असतो, आणि मॅनेजर आमच्या आधी गेले होते. बरं, त्या मॅनेजरांचा फोन नंबर द्या, रेफरन्ससाठी. याने नंबर दिला आणि सांगितलं, तिथे फोन आत नेऊ देत नाहीत, पण भेटीचे वार ठरलेले आहेत. मॅडमनी तेही लिहून घेतलं.

ज्या शोरूममध्ये गाडीच्या किमतीवर ‘हँडलिंग’चे काही हजार वेगळ्या चिठ्ठीवर लिहितात आणि पैसे घेऊन झाले की चिठ्ठी परत मागून घेतात, त्या शोरूमला स्वच्छ पार्श्वभूमीचा हिशेबनीस हवा आहे, हेही इथे नोंदवून ठेवतो.

मुळात पार्श्वभूमी लपवायची सोयच राहिलेली नाही. पीएफच्या यूएएन क्रमांकाखाली आधीच्या सगळ्या मालकांची नावं ओळीने उभी असतात. नोकरी सोडल्याची तारीख आता कर्मचाऱ्याला पोर्टलवर स्वतः भरता येते, शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिने थांबावं लागतं, इतकंच. शिक्का लागत नाही, गोल ना चौकोनी. पण संस्थेचं नाव कायम राहतं. शेवटच्या वर्षभराचे हप्ते पगारातून कापले आणि भरलेच नाहीत. तिथे जागा रिकामी आहे, नाव मात्र तिथल्या तिथे.

आणि इथे आमचं डोकं सटकतं. संस्थेच्या दारात एक पितळी पाटी होती : ‘ऑडिट वर्ग अ’. दर वर्षी अ. ज्या वर्षीच्या कर्जवाटपावर आज सहकार कायद्याच्या कलम ८८ खाली चौकशी चालू आहे, त्या वर्षीही अ. शिपाई रोज सकाळी ती पाटी चिंचेने घासायचा, आणि तिच्याकडे बघून म्हातारी माणसं पेन्शनीच्या पुंजीची पावती फाडायची. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो, हे सांगणारी पाटी कुठेच नव्हती. ती कोण कशाला पितळेत करून घेईल? तो अ देणारे लेखापरीक्षक आजही मजेत सह्या करतात, आणखी कोणाकोणाला अ देतात. त्यांना कोणी विचारत नाही की साहेब, तुमच्या मागच्या अ चं पुढे काय झालं? उद्घाटनाची फीत ज्यांनी कापली ते त्यानंतर कितीतरी ठिकाणी फिती कापून आले. संचालकांतले एक वाचनालयाचे अध्यक्ष झाले, एक गणेश मंडळाचे आधारस्तंभ. चेअरमन जामिनावर सुटले तेव्हा चौकात फ्लेक्स लागला, ‘सत्याचा विजय’, खाली शुभेच्छुकांचे चेहरे इतके की सत्याला जागा उरली नाही. पुढच्याच महिन्यात ते तरुणांच्या करिअर मार्गदर्शन शिबिरात प्रमुख पाहुणे! मागितलं कोणी अनुभव प्रमाणपत्र? भरून घेतला कोणी ‘खुर्ची सोडण्याचे कारण’ हा रकाना? मेहुण्या-पुतण्यांच्या नावावर कर्जं काढणाऱ्यांच्या गळ्यात हार, आणि महिना चौदा हजारांवर दुसऱ्यांच्या नोटा मोजणाऱ्याने आपण चोर नाही हे लेटरहेडवर आणून द्यायचं, तेही ठरावीक आकाराच्या शिक्क्यात! कारण उघड आहे. चेअरमनचा बंगला गेटच्या आत आहे, गेटवर वॉचमन आहे. कॅशियरच्या भाड्याच्या घराचं दार थेट रस्त्यावर उघडतं. ठेवीदाराला ओळखीचा चेहरा एकच, काउंटरच्या जाळीतून पावती देणारा. मग तो मंडईत दिसला की भाजीवाली मेथीची जुडी हातातून काढून घेते आणि म्हणते, आधी माझे चाळीस हजार. तिचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. तिच्या जागी आम्ही पिशवीही काढून घेतली असती. पण त्याच मंडईतून चेअरमनच्या बंगल्यावर भाजी जाते, आणि ती उधारीवर जाते.

कॅशियरच्या आईचीही ठेव तिथेच आहे. कर्मचाऱ्यांना ठेवींचं टार्गेट असायचं, ते त्याने आई, सासू आणि स्वतःच्या लग्नातल्या आहेराच्या पाकिटांवर पूर्ण केलं होतं. शोरूमच्या अर्जात हे लिहायला रकाना नव्हता.

हे लिहीत असतानाच बातमी आली की कॅशियरला नोकरीसाठी फोन आला आहे. त्याने केलेला नव्हे, त्याला आलेला. नव्या मल्टिस्टेट पतसंस्थेकडून. नोंदणी थेट दिल्लीची, सभासद दोन राज्यांत. दुसऱ्या राज्यात चेअरमनचे साडू राहतात. अक्षय्य तृतीयेला उद्घाटन. पगार आधीच्या दीडपट, शिवाय पेट्रोल. प्रमाणपत्र वगैरे काही नको, तुमचा अनुभव आम्हाला ठाऊक आहे, असं पलीकडचा आवाज फार आपुलकीने म्हणाला. आवाज ओळखीचा होता. रुजू होताना कर्मचाऱ्याने २ लाखांची ठेव तेवढी आणायची. कॅशियर म्हणाला, पैसे जुन्या संस्थेत अडकलेत. पलीकडे जरा शांतता झाली आणि मग त्यांनी विचारलं, आईच्या अंगावर सोनं किती आहे?