115 साड्या

गोडादऱ्यातल्या एका गाळ्यात दर महिन्याच्या 18 तारखेला 60,000 रुपयांच्या साड्या विकल्या जातात. गिऱ्हाईक एकच, आणि तेही पुरुष. तो येताना पिशवी आणत नाही, रंग विचारत नाही, पदर उलगडून बघत नाही आणि जाताना रिकाम्या हातानं जातो. सुरतेत साडी अशी मुकाट्यानं कोणी घेत नाही. इथं नगामागं पाच रुपये कमी करण्यासाठी दलालाचा चहा तीनदा थंड होतो. त्यामुळं आजूबाजूच्यांना संशय यायला हवा. तो येत नाही, कारण त्या गाळ्यात साड्या नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे.

गाळ्यात एक काउंटर आहे, प्लास्टिकच्या दोन खुर्च्या आहेत, मोबाइलची कव्हरं टांगलेली जाळी आहे आणि कार्ड ओढायचं मशीन आहे. मशीन कुठल्याशा साडी सेंटरच्या नावावर. बाहेर गुजराती पाटी: 'क्रेडिट कार्डनुं बिल भरी आपीशुं'. परगावच्या माणसाला वाटावं, काय धर्मात्मा आहे, लोकांची बिलं भरतो!

गिऱ्हाइकाला आपण आप्पा म्हणू. असे आप्पा गोडादरा, डिंडोली, लिंबायत या पट्ट्यात प्रत्येक सोसायटीत निघतील. अमळनेर-शिरपूरकडून भुसावळ-सुरत गाडीनं आलेले, लूमच्या खात्यात 12 तासांची पाळी करणारे, घरात अहिराणी, रस्त्यावर गुजराती आणि बँकेच्या फोनवर हिंदी बोलणारे. बायको घरबसल्या साड्यांना लेस लावते, खडे चिकटवते, नगावर पैसे घेते. कार्ड घेतलं तेव्हा ते 'लाइफटाइम फ्री' होतं. मग गावाकडं लग्न निघालं, त्यानंतर दवाखाना निघाला, आणि 60,000ची लिमिट भरली.

तेव्हापासून 18 तारीख. बिलाची शेवटची तारीख 20. आप्पा खुर्चीत बसतात, गाळेवाला आपल्या मोबाइलवरून आप्पांचं 60,000चं बिल भरतो. दोघं गप्प. चहा येतो. आप्पांच्या फोनवर मेसेज वाजतो, पैसे जमा झाले, लिमिट मोकळी झाली. लगेच तेच कार्ड मशीनमध्ये, पिन दाबा, कर्रर करत कागद बाहेर. साडी सेंटर, रुपये 60,000 फक्त. वर अडीच टक्के, म्हणजे 1,500 रुपये, रोख मोजून गाळेवाल्याच्या गल्ल्यात. याला 'कार्ड फिरवणं' म्हणतात. कर्ज जिथं होतं तिथंच आहे, फक्त त्याला एक महिना झोपवलंय. अंगाई म्हणण्याचे दीड हजार.

आता त्या साड्यांचं बघू. मार्केटमधली बऱ्यापैकी साडी 522 रुपयांना धरू (हाच आकडा का, ते पुढं कळेल). 60,000 रुपयांत अशा जवळजवळ 115 साड्या येतात. एका महिन्यात 115! आप्पांच्या घरात बायको, आई, दोन मुली. चौघींनी रोज एक नवीन नेसली तर कुठं महिनाअखेर गठ्ठा संपेल, तोवर पुढची 18 तारीख. ब्लाउजपीससकट सव्वासहा मीटर धरली तर महिन्याला सातशे मीटरच्या वर कापड झालं, वर्षाला साडेआठ किलोमीटर. महाराणा प्रताप चौकातून अंथरायला घेतलं तर रिंग रोडच्या मार्केटपर्यंत सहज पुरावं, आणि उरलेल्यात मार्केटच्या जिन्यांवर पायघड्या घालाव्यात. एवढा माल एका लूम कारागिराच्या वन रूम किचनमध्ये दर महिन्याला उतरतो, पण त्यासाठी टेम्पो लागत नाही, हमाल लागत नाही, पार्सलवर गावाचं नाव लिहावं लागत नाही. ज्या शहरात मंदी, उधारी आणि परत आलेला माल यांवाचून दुसरं बोलणं नसतं, तिथं हा एकच धंदा असा की ज्यात माल कधी परत येत नाही. रंग उतरला म्हणून तक्रार नाही. काठ आखूड निघाला म्हणून भांडण नाही. खरं तर सुरतेच्या निर्मळ, निर्दोष, एकही धागा न सुटलेल्या साडीचा शोध घ्यायचा असेल तर तो त्या मशीनच्या चिठ्ठीवर लागतो. आणि आप्पांच्या घरी खऱ्या साड्यांचा ढीग असतोच. लेस लावायला आलेला. त्यातली एकही त्यांची नाही. मोबाइलवरचा साडी सेंटरचा मेसेज एकदा बायकोनं वाचला, तेव्हा हातातली लेस खाली ठेवून तिनं एवढंच विचारलं, "मंग साडी कोठे शे?"

या प्रश्नाचं उत्तर आप्पांजवळ नव्हतं, आणि कार्डाच्या कुठल्याही नियमात नाही.

शहाणी माणसं म्हणतील, हे लोक अडाणी. बेकायदा फिरवाफिरवी करण्यापेक्षा बँकेनं दिलेला सरळ मार्ग का धरत नाहीत? सरळ मार्ग म्हणजे मिनिमम ड्यू. धरू या. महिन्याला साडेतीन टक्के हा कार्डाच्या व्याजाचा सर्रास दिसणारा दर. 60,000वर महिन्याचं व्याज 2,100 रुपये. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, 378 रुपये. झाले 2,478. मिनिमम पाच टक्के धरली तर भरायचे 3,000. आप्पांनी ओव्हरटाइम करून 3,000 भरले, तर कर्ज किती उतरलं? 522 रुपयांनी. मघाची साडी ती हीच. महिनाभर घाम गाळून एक साडी. आणि तीसुद्धा कर्जातून वजा होते, घरी येत नाही.

असंच दर महिन्याला इमानेइतबारे पाच टक्के भरत राहिलं, नवीन एक रुपयाही खर्च केला नाही, तर 60,000चे 30,000 व्हायला साडेसहा वर्षं लागतात. तोवर खिशातून गेलेले असतात सुमारे 1 लाख 72 हजार. उरलेले 30,000 अजून बसलेलेच. याला मिनिमम म्हणतात! जगातल्या कुठल्या सावकारानं आपल्या हप्त्याला असं लडिवाळ नाव ठेवलं होतं? गावाकडचा सावकार निदान वहीत अंगठा घेताना तोंड वाकडं करायचा, माणसाला कळायचं की आपण विहिरीत उतरतोय. इथं 'फक्त एवढेच भरा' असं हसतमुखानं सांगतात, भरल्यावर आभार मानतात, आणि वेळेवर मिनिमम भरणारा चांगला गिऱ्हाईक म्हणून त्याला लिमिट वाढवून घेण्याचा मेसेज पाठवतात. बुडणाऱ्याला दोरी टाकायची आणि दोरीचं भाडं लावायचं, वर भाड्यावर जीएसटी. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर काढण्याचं शुल्क वेगळं आणि व्याज पहिल्या दिवसापासून. म्हणजे कायदेशीर वाटेनं महिन्याला 2,478 जातात, साडीच्या वाटेनं 1,500. अडाणी कोण, ते ठरवण्याआधी ही वजाबाकी एकदा करून बघावी. आप्पांनी ती पान खाता खाता केली आहे.

नियम नाहीत असं मात्र कोणी म्हणू नये. उत्तम आहेत. रिझर्व्ह बँकेची 21 एप्रिल 2022ची कार्डांची नियमावली, त्याच वर्षीच्या 1 जुलैपासून लागू झालेली, वाचताना डोळे भरून येतात. न मागता कार्ड गळ्यात मारून बिल लावलं तर ती रक्कम उलटवायची आणि वर दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा. बिलाची तारीख चुकली तरी तीन दिवस उलटल्याशिवाय विलंब शुल्क लावायचं नाही. फक्त मिनिमम भरत राहिलात तर फेड वर्षानुवर्षं लांबेल, हा इशारा बिलावरच छापायचा. महत्त्वाच्या अटींचा टाइप एरियल 12पेक्षा बारीक नको, भाषा सोपी हवी, शक्यतो इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक. आता गोडादऱ्यातली स्थानिक भाषा कोणती, हा प्रश्न नियम करणाऱ्यांनी कधी लिंबायतच्या भाजीबाजारात उभं राहून सोडवायला हवा होता. चार पावलांवर गुजराती, उडिया, भोजपुरी आणि अहिराणी ऐकू येते. आप्पांच्या हातात आलेल्या अटी इंग्रजीत होत्या. टाइप मात्र ठसठशीत, 12चाच असावा. न समजणारी गोष्ट मोठ्या अक्षरांत वाचण्याचा हक्क त्यांना पुरेपूर मिळाला.

वेळांचाही कायदा आहे. कार्ड विकणाऱ्यानं फोन सकाळी 10 ते संध्याकाळी 7 या वेळेतच करायचा. लोकांची झोप मोडू नये हा उदात्त हेतू. रात्रपाळी करून सकाळी घरी येणाऱ्या लूम कारागिराची रात्र नेमकी तेव्हा सुरू होते. रात्रपाळीच्या पंधरवड्यात आप्पांना प्री-अप्रूव्ह्ड कर्जाचा फोन नियमाप्रमाणे त्यांच्या मध्यरात्री येतो. आणि वसुलीचा फोन? त्याला सकाळी 8 ते संध्याकाळी 7. कर्ज विकायला 9 तास, वसूल करायला 11. दोन तास जास्त का, याचं कारण कुठं लिहिलेलं नाही, पण हिशेब चोख आहे. द्यायला वेळ कमी लागतो.

व्याजाचं म्हणाल तर त्यावर एक झाकण होतं. 2008मध्ये ग्राहकांच्या तक्रारीवरून ठरलं होतं की थकलेल्या कार्डावर वर्षाला 30 टक्क्यांहून जास्त व्याज म्हणजे अनुचित प्रथा. 20 डिसेंबर 2024 रोजी ते झाकण कोर्टात निघालं. साडेतीन टक्के महिना म्हणजे वर्षाला 42, बिनचक्रवाढ. आता त्याला हरकत नाही.

कडक व्हायचं तिथं मात्र नियम कडक होतात. कार्डावरून घरभाडं भरायची सोय अॅपवर होती. तिथंही गंमत चालायची, मेव्हण्याला घरमालक करून त्याच्या खात्यात 'भाडं' पाठवायचं आणि संध्याकाळी त्याच्याकडून रोख घ्यायची. 15 सप्टेंबर 2025ला पैसे वळवणाऱ्या मध्यस्थांसाठी नवे नियम आले आणि अॅपवाल्यांनी भाड्याची सोय गुंडाळली. खोटे घरमालक गेले, त्यांच्याबरोबर खरे भाडेकरूही गेले. राहिली साडी. मेव्हण्याचा सीझन संपला आणि गाळ्यासमोरची रांग वाढली.

या साड्यांची शेवटची घडी आयकराच्या नियमात पडते. एका कार्डकंपनीकडं वर्षात 10 लाख किंवा जास्त बिल भरलं गेलं, रोखीनं असेल तर 1 लाख, की त्याची माहिती कंपनीला वर कळवावी लागते. 60,000ची लिमिट वर्षभर फिरवली तर 7 लाख 20 हजार, आप्पा वाचले. पण चांगलं गिऱ्हाईक म्हणून लिमिट 90,000 झाली की 10 लाख 80 हजार. मग कागदोपत्री एक लूम कारागीर वर्षाला पावणेअकरा लाखांच्या साड्या घेतो आणि त्याचा पगार दर पंधरा दिवसांनी मीटरवर मोजला जातो. विचारणा झाली तर गाळेवाला पुढं येणार नाही, माल न देता रोख देणं त्याच्या मशीनच्या करारातच बसत नाही. त्याचं मशीन जाईल, आप्पांचं कार्ड ब्लॉक होईल आणि त्या महिन्याचे 90,000 एकरकमी अंगावर बसतील. कपाट उघडून दाखवा म्हटलं तर काय दाखवायचं? लेस लावायचा ढीग? तो तर शेटचा.

तेव्हा ज्यांना हे चक्र थांबवायचंय त्यांनी 18 तारखेच्या आत एकच काम करावं. पतपेढी, सोसायटी, गावाकडचा भाऊ, जिथून दीड-दोन टक्क्यांच्या खाली मिळेल तिथून उचलून कार्ड एकदाचं शून्य करावं आणि बंद करण्याची विनंती लेखी द्यावी. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. फोनवरची बाई 'सर, लाइफटाइम फ्री आहे' म्हणेल, गोड बोलेल, पॉइंट देईल. ऐकून घ्यावं आणि पुन्हा बंदच म्हणावं. बाकी शून्य असेल तर कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद करणं बंधनकारक आहे, नाही केलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 500 रुपये ग्राहकाला द्यायचे, असं त्याच नियमावलीत आहे. दोन दिवस उशीर झाला तर हजार येतात. ते मागून घ्यावेत, मार्केटात जावं आणि एक साडी घ्यावी. पिशवी घेऊन जावी.