रोबोकॉन लढवू इच्छिणाऱ्यांस सूचना

रोबोकॉनच्या संघात शिरू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने रोबोला हात लावण्याआधी घरच्यांची तयारी करून घ्यावी. लालबाग-परळच्या घरात हे काम अवघड जाते. यंत्राचे कौतुक किंवा भीती तिथे कुणालाच नसते, प्रश्न विचारणारे मात्र पुष्कळ असतात. २०२४ च्या स्पर्धेचा विषय होता 'हार्वेस्ट डे'. व्हिएतनाममधल्या भातशेतीवर बेतलेल्या त्या खेळात रोबोने रोपे लावायची होती आणि पोचट दाणे बाजूला ठेवून भरलेले दाणे कोठारात टाकायचे होते. आता कोकणातले शेत भावकीवर सोपवून आलेल्या आजीला हे समजावून पाहावे. 'गावाला लावणीला ये म्हटलं की तुझी परीक्षा असते, आणि इथे माटुंग्यात बसून कुणाच्या शेतात रोपं लावतोयस?' या प्रश्नाला नियमपुस्तिकेत उत्तर नाही. उमेदवाराने मान खाली घालून 'प्रोजेक्ट आहे' एवढेच म्हणावे.

स्पर्धेचे पूर्ण नाव एबीयू रोबोकॉन. आशिया-पॅसिफिक भागातल्या प्रसारण संस्थांच्या संघटनेने ती २००२ साली टोकियोत सुरू केली. तिचे मूळ जपानच्या एनएचके वाहिनीने १९८८ पासून चालवलेल्या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत आहे, आणि त्या कल्पनेमागे होते प्राध्यापक मासाहिरो मोरी. माणसाशी फार मिळताजुळता रोबो पाहून माणसाच्या अंगावर काटा का येतो, यावर १९७० मध्ये निबंध लिहिणारे ते हेच. इथली रीत अशी की दर वर्षी यजमान देश बदलतो आणि तो आपला सण, खेळ किंवा दंतकथा विषय म्हणून पुढे करतो. पहिल्या वर्षी फुजी पर्वताचे शिखर गाठायचे होते. २००४ मध्ये सोलला ताटातूट झालेल्या दोन प्रेमिकांची गाठ घालून द्यायची होती, २०१० मध्ये कैरोला पिरॅमिड रचायचे होते. प्रेमिकांसाठी केलेले यंत्र पिरॅमिडला चालत नाही. एका हंगामात मिळवलेली विद्या पुढच्या हंगामात जवळजवळ निकामी व्हावी, अशी व्यवस्था मुद्दाम करून ठेवलेली आहे. ज्यांना हे अन्यायाचे वाटते त्यांनी बुद्धिबळाकडे वळावे.

मध्य मुंबईत या व्यसनाचा जुना अड्डा म्हणजे माटुंग्याचे व्हीजेटीआय. दादर टीटीहून चालत जाता येते. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १८८७ मध्ये निघालेली ही संस्था आधी भायखळ्याला होती, १९२३ मध्ये माटुंग्याला आली, आणि १९९७ मध्ये आद्याक्षरे तशीच ठेवून व्हिक्टोरियाच्या जागी वीरमाता जिजाबाई आल्या. गिरण्यांना तांत्रिक माणसे पुरवणे हे तिचे एके काळचे मोठे काम. गिरण्या गेल्या. कॉलेजात आता सोसायटी ऑफ रोबोटिक्स अँड ऑटोमेशन नावाची विद्यार्थ्यांची मंडळी रात्री जागवते.

संघ निवडताना गुणपत्रिका पाहू नये. चाळीच्या गणपतीत हलता देखावा असतो, त्यातल्या कालियाचा फणा ऐन आरतीला अडकतो, आणि मग मखराच्या मागे शिरून वायपरची मोटार सोडवणारा एक मुलगा असतो. तो आधी घ्यावा. त्याला गणिताचा विषय दोनदा द्यावा लागला असेल तरी हरकत नाही. गणित करणारे आपण होऊन येतात आणि त्यांना आवरावे लागते. मैदानात विद्यार्थी तीनच उतरतात, मदतीला पिटमध्ये आणखी तिघांना मुभा असते. वर्षभर खपणारे पुष्कळ असतात. उरलेल्यांनी प्रेक्षकांत बसून नखे खावीत.

यानंतर नियमपुस्तिका वाचावी. ती सगळे वाचत नाहीत. सगळे चित्रे पाहतात, 'सोपंय रे' म्हणतात आणि चहाला जातात.

भारताच्या वाट्याला यजमानपद आले तेव्हा काय झाले हे नवख्याने नीट समजून घ्यावे. २००८ मध्ये स्पर्धा पुण्यात भरली आणि विषय होता गोविंदा. म्हणजे दहीहंडीच. टांगलेल्या हंड्यांतले लोणी यंत्रांनी काढायचे होते. आता दादर-गिरगावच्या पोराला दहीहंडी कोणी शिकवायची? त्याच ऑगस्टात रस्त्यावर खरे थर लागत होते. पण खालच्या थरातला माणूस वरच्याचा तोल गेला की नकळत खांदा सरकवतो, ते 'नकळत' कोडमध्ये कसे लिहायचे हे कुठल्याच पथकाला सांगता आले नसते. ती दहीहंडी चीनच्या शीआन जिआओतोंग विद्यापीठाने फोडली. तिथे मडके दोरीला बांधायची पद्धत नाही.

२०२२ मध्ये यजमानपद दिल्लीकडे होते आणि विषय लगोरीचा होता. चाळीच्या अंगणात जो खेळ फुटक्या कौलांच्या तुकड्यांवर आणि रबरी चेंडूवर चालतो, आणि ज्याचा नियम सर्वांत मोठ्या आवाजाचा मुलगा त्या-त्या वेळी ठरवतो, त्याला मापांसह पुस्तिका आली. लगोरीचे पाच थर, लहान-मोठ्या व्यासाचे. एका बाजूच्या पहिल्या रोबोने चेंडू मारून ती पाडायची, दुसऱ्याने पुन्हा रचायची. आणि रचणारा रोबो बाद झाला हे कसे ओळखायचे? अंगणात पाठीत चेंडू बसला की कळते, तरी 'लागलाच नाही' असे भांडता येते. रोबो भांडत नाही. म्हणून त्याच्या डोक्यावर एक चेंडू ठेवला गेला. विरुद्ध संघाने नेम धरून तो पाडायचा. मुंबईच्या अंगणांत आजवर झालेल्या लगोरीच्या भांडणांवर निघालेला हा पहिलाच समाधानकारक तोडगा होता, आणि तो यंत्रांसाठी निघाला.

तात्पर्य काढत बसू नये, खरेदीला निघावे.

इलेक्ट्रॉनिक सामानासाठी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला जावे. पालिकेच्या पाटीवर तो डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने विचारणाऱ्याला दुकानदार नवखा समजतो आणि भाव तसा सांगतो. सामानाचे नाव कधीही सांगू नये. जळलेला भाग खिशातून काढून काउंटरवर ठेवावा आणि 'भाऊ, असंच' म्हणावे. दुकानदार तो वास घेऊनच ओळखतो. बेअरिंग, अवजारे आणि नटबोल्टसाठी नागदेवी, धातूच्या पट्ट्या-पाइपांसाठी गुलालवाडी, वायरसाठी लोहार चाळ. ही यात्रा एका दिवसात होते असे जो सीनिअर सांगतो, तो स्वतः टॅक्सीने गेलेला असतो.

लेथचे काम लालबाग-परळच्या एखाद्या गाळ्यात होते. इथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. विद्यार्थ्याने संगणकावरचे चित्र मिलिमीटरच्या दशांशात काढलेले असते आणि लेथवाल्या काकांचे माप सुतात असते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून थोडे जास्त. 'काका, शाफ्ट पॉइंट दोनने जाड झालाय' असे म्हटल्यावर काका पॉइंट दोनकडे पाहत नाहीत, शाफ्टकडे पाहतात, अंगठ्याने फिरवतात, आणि पॉलिश पेपर मारून दहा मिनिटांत तो बेअरिंगमध्ये बसवून देतात. विद्यार्थ्याने या वेळी बोलू नये. लॅपटॉप तर उघडूच नये. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मात्र या गाळ्याकडे फिरकण्यात अर्थ नाही: काका गावाला गेलेले असतात, आणि गेले नसतील तर मंडपात असतात. स्पर्धेचे वेळापत्रक आखणाऱ्यांना लालबाग कुठे आहे ते माहीत नाही.

रोबोच्या शरीरशास्त्राबद्दल थोडेसे. बऱ्याच हंगामांत दोन्ही रोबोंचे मिळून वजन ५० किलोंच्या आत ठेवावे लागते, विजेरीला २४ व्होल्टची मर्यादा असते आणि हवेच्या दाबाला सहा बारची. दाबाची हवा साठवायला खास टाकी हवी, किंवा प्लॅस्टिकची बाटली चालते, पण नवीकोरी, ओरखडा नसलेली. होय, कोल्ड्रिंकची. अनेक संघांचे सिलिंडर दोन लिटरच्या बाटलीवर चालतात. बाटली रिकामी करण्याची जबाबदारी सर्वांत कनिष्ठ सदस्यावर टाकावी. हे काम आजवर कुणी नाकारलेले नाही.

चेंडू फेकणारा रोबो पहिल्या दिवशी अचूक फेकतो. त्या दिवशी चित्रफीत काढून ठेवावी, कारण तसे पुन्हा लवकर होत नाही. विजेरी उतरत जाते तशी फिरत्या चाकांची गती कमी होते आणि चेंडू वीतभर अलीकडे पडू लागतो. मग गती मोजून दुरुस्त करणारा कोड लिहायचा, त्यातले तीन आकडे जुळवायचे. या आकडे जुळवण्याला नियंत्रणशास्त्र म्हणतात. प्रत्यक्षात रात्री दोन वाजता एकजण चेंडू फेकायला लावतो, दुसरा आणून देतो आणि तिसरा 'आता पॉइंट एक वाढव' म्हणतो. आणून देणारा सगळ्यांत आधी कंटाळतो, त्यामुळे आकडे कधी पक्के करायचे हे बहुधा तोच ठरवतो.

२०१९ चा हंगाम पाहिलेल्यांनी इथे वेगळी खुर्ची मागून घ्यावी. मंगोलियाच्या घोडेस्वार निरोप्यांवर बेतलेल्या त्या खेळात दुसरा रोबो चार पायांचा हवा होता, चाकांवर चालणारा नको होता. त्या वर्षी डच कलावंत थिओ यान्सेन यांचे समुद्रकिनाऱ्यावर वाऱ्याने चालणारे सांगाडे न पाहिलेला विद्यार्थी सापडणे कठीण होते. सांगाडा वाळूवर डौलात चालतो. माटुंग्याच्या लादीवर घोड्याचे पाय घसरतात, म्हणून खुरांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवावेत.

प्रवासाचे नियोजन करताना विमानाचा मोह टाळावा. २२.२ व्होल्टची, दहा अँपिअर-अवरची लिथियम-पॉलिमर विजेरी २२२ वॉट-अवर भरते, आणि प्रवाशाला विमान कंपनीच्या परवानगीनेही १६० च्या वर नेता येत नाही. दूरदर्शनने भरवलेली राष्ट्रीय फेरी बरीच वर्षे पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा संकुलात होत असे. तेव्हा टेम्पोत यंत्र आणि दादरहून शिवनेरीत माणसे एवढ्यावर भागत होते. पुढे स्पर्धा दिल्लीला गेली आणि मुंबईकर संघांना रोबोचे खोक्यात मावतील असे तुकडे पाडावे लागले. तुकड्यांवर क्रमांक घालावेत. क्रमांकांची यादी खोक्यात ठेवू नये, खोके शेवटी उघडते.

मैदानात पोचल्यावर पहिला धक्का प्रकाशाचा बसतो. कॉलेजात ट्यूबलाइटखाली पांढरी रेघ ओळखणारे सेन्सर टीव्हीच्या झगझगीत दिव्यांखाली सगळीच जमीन पांढरी समजतात. त्यांना आडोसा करावा; काळ्या चिकटपट्टीचा रोल खिशात असल्याशिवाय घराबाहेर पडू नये. मांडणीला एक मिनिट मिळते आणि खेळाला बहुतेक वर्षी तीन. त्या तीन मिनिटांत सर्व कामे पुरी केली की सामना तिथेच संपतो, आणि त्यालाही यजमानाचा शब्द असतो: पुण्यात २०१४ मध्ये 'शाबाश' होता, टोकियोत २०१७ मध्ये 'अप्पारे', उलानबातरला २०१९ मध्ये 'उखाई'. संघाने हा शब्द पाठ करावा. बऱ्याचदा तो विरुद्ध संघासाठी उच्चारला जातो, आणि तेव्हा निदान कशासाठी टाळ्या चालल्या आहेत ते कळते.

रोबो अडकला तर 'रिट्राय' मागता येतो. तो मागायचा की आणखी पाच सेकंद वाट पाहायची, यावरून परतीच्या प्रवासात बोलणे बंद होते. खाण्याचे डबे उघडले की ते पुन्हा सुरू होते.

परत आल्यावर रोबो जपून ठेवू नये. काचेच्या कपाटात ठेवलेल्या रोबोच्या मोटारी कुणीतरी रात्री काढून नेतोच, तेव्हा स्वतःच काढाव्यात. कोणती मोटार गरम होते, कोणता वॉल्व्ह गळतो हे कागदावर लिहून धाकट्यांना द्यावे. व्हीजेटीआयच्या मंडळींनी सीनिअरने ज्युनिअरला हाताशी धरून प्रकल्प करून घेण्याच्या आपल्या उपक्रमाला 'एकलव्य' असे नाव दिले आहे. मूळ एकलव्याला गुरू समोर मिळाला नव्हता आणि अंगठा द्यावा लागला होता. इथे गुरू रात्री बारालाही फोन उचलतो आणि सोल्डरिंग करताना अंगठा फक्त भाजतो.

हिशेबाचे काम शेवटी राहते. लेथवाल्या काकांनी वहीच्या पानावर 'शाफ्ट ३ नग, पैसे मिळाले' असे लिहून दिलेला कागद कोणत्या बिलात बसवायचा, याबाबत अद्याप मार्गदर्शन उपलब्ध नाही. ते मिळेपर्यंत पुढच्या वर्षीची नियमपुस्तिका आलेली असते. 'हार्वेस्ट डे'ची रोपे उपटून २०२५ मध्ये उलानबातरसाठी बास्केटबॉल खेळणारे रोबो करायचे होते. अशा वेळी संघात कुणी कॉलेजच्या टीममधून बास्केटबॉल खेळलेला असेल, तर पहिला आठवडाभर त्याचे सगळे आदराने ऐकून घ्यावे. मग त्याला बेअरिंग आणायला नागदेवीला पाठवावे.