समासाची शिक्षा

नवशिक्याने कोड नीट मांडण्यात वेळ घालवू नये. सी भाषेच्या कंपायलरला ओळ कुठून सुरू होते याचे सोयरसुतक नाही; मग माणसाला का असावे? पायथन समासावरून अडून बसते खरे, पण हेकेखोर कुठे नसतात! अ‍ॅपलच्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ दोनदा पडली. दुसरीही समास सोडून इतक्या शिस्तीत उभी, की ‘इफ’च्याच हुकमतीतली वाटावी. महिरपी कंस नव्हते. ती दुसरी ओळ अट न बघताच धावे आणि सर्व्हरच्या सहीची तपासणी टळे. २०१४च्या फेब्रुवारीत दुरुस्ती येईपर्यंत तोतया सर्व्हरही आयफोनला सज्जन वाटू शकत होता. मांडणी आपोआप सुधारणाऱ्या साधनाने तो समास पुसून बिंग फोडले असते. अशा चहाडखोर साधनांपासून विद्यार्थ्यांना जपायलाच हवे. परीक्षेत कोड पेनाने कागदावर लिहून घेणारी विद्यापीठे ही खबरदारी केव्हाचीच घेत आली आहेत.