पहिल्या लेअरचे काका

पुणे असो वा परभणी, इंजिनिअरिंग कॉलेजातल्या कम्प्युटर लॅबचे खरे मालक म्हणजे लॅबवाले काका. एचओडी बदलतात, सिलॅबस बदलतो. किल्ल्यांचा जुडगा मात्र यांच्याच कमरेला. "चपला बाहेर, बॅगा रॅकवर, पेनड्राइव्ह खिशात!" एवढंच त्यांचं स्वागतपर भाषण.

सॉफ्टवेअरवर काकांचा विश्वास नाही. जे स्क्रूड्रायव्हरनं उघडत नाही ते खरं कशावरून, असा त्यांचा सवाल असतो. मशीन बीप-बीप करून गप्प बसलं, की काका रॅम उपसतात, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं घासतात, पुन्हा दाबून बसवतात. विंडोज मुकाट्यानं उठतं. एकदा एका मशीनवर प्रत्येक साइट 'सर्टिफिकेट चालत नाही' म्हणून अडली. सर फळ्यावर एन्क्रिप्शन समजावू लागले. काकांनी स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली. ती कैक वर्षं मागे गेलेली! मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल बदलला, तारीख लावली. सरांचं एन्क्रिप्शन अर्ध्यावर असतानाच साइट उघडल्या.

डेडलॉक शिकवताना सर पाच तत्त्वज्ञांना जेवायला बसवतात. डायक्स्ट्रांनी १९६५ मध्ये विद्यार्थ्यांना परीक्षेत घातलेलं हे कोडं. आमच्या प्रॅक्टिकलला एका बॅचकडे क्रिम्पिंग टूल, दुसरीकडे आरजे-४५ कनेक्टरची पिशवी; दोघी हटून बसलेल्या. काका येतात आणि दोन्ही काढून घेतात. "आता रोल नंबरनं मिळेल." तत्त्वज्ञ उपाशी राहत नाहीत. मग काका डोळे मिटून सांगतात, "केशरी-पांढरी, केशरी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. घाला तारा!"

ओरलच्या दिवशी एक्स्टर्नलच्या लॅपटॉपला नेट मिळेना. आयएसओनं १९८४ मध्ये मांडलेलं सात लेअरचं मॉडेल पोरांकडून वदवून घेणारी मंडळी आता स्वतःच त्यात अडकली. एक सर म्हणाले डीएनएस, दुसरे म्हणाले गेटवे, मॅडमना सबनेट मास्कचा संशय. काका टेबलाखाली वाकले, पोर्टवरचा दिवा पाहिला. पेटलेलाच नव्हता. केबल आत ढकलली, 'टिक्' वाजलं, नेट सुरू.

एक्स्टर्नल खूश झाले. "काका, तुम्हाला सातही लेअर येतात की काय?"

"पहिला तेवढा येतो, साहेब. वर चढायची वेळच येत नाही!"