टक्क्यांत गेलेली मराठी

प्रबंधाची तीन प्रकरणं लिहायला मला दोन वर्षं लागली. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती एका वेबपानाच्या पत्त्याबद्दल.

लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत लिहिलं की संदर्भसूची बिबटेक हा तिचा जोडीदार प्रोग्राम लावून देतो. तो ओरेन पटाश्निक यांनी १९८५ मध्ये केला; टिम बर्नर्स-ली यांनी वेबचा प्रस्ताव मांडला १९८९ मध्ये. त्यामुळे बिबटेकच्या मूळ यादीत पुस्तक आहे, लेख आहे, प्रबंध आहे, प्रकाशकाचं नाव नसलेली बांधीव पुस्तिकासुद्धा आहे. वेबपान नाही. ते ‘मिस्क’मध्ये टाकायचं, म्हणजे घरात संपलेले सेल, सुतळी आणि कशाची ते न आठवणारी किल्ली ज्या खणात असते, तिथे. नव्या बिबलाटेकात ‘ऑनलाइन’ असा रीतसर प्रकार आहे म्हणे. पण आमच्या विभागाचा साचा जुना, आणि साच्याला हात लावायचा नाही.

पत्ता ब्राउझरमधून उचलला. त्याच्या शेवटी स्वच्छ ‘मराठी’ दिसत होतं. फाइलीत चिकटवलं, तर त्या जागी टक्का ई शून्य, टक्का ए चार, टक्का ए ई. हा नुसता ‘म’. एका देवनागरी चिन्हाची नऊ अक्षरं. ‘मराठी’त काना-वेलांटी धरून चिन्हं पाच. एकूण ४५ अक्षरं, त्यांत टक्के १५. आणि लाटेकच्या मुळाशी असलेल्या टेकच्या लेखी टक्का म्हणजे ‘ओळीतलं पुढचं वाचू नकोस’. त्याने नाही वाचलं. पत्ता छापून आला, फक्त मराठी गायब. चूक झाल्याचा एक शब्द नाही.

मग पत्त्याला यूआरएलची आज्ञा लावली. लाटेक, बिबटेक, लाटेक, परत लाटेक. चौथ्या फेरीला सगळा पत्ता उमटला आणि उजवा समास ओलांडून थेट कागदाच्या कडेला जाऊन टेकला. ही आज्ञा टिंबावर ओळ मोडते, तिरप्या रेघेवर मोडते. टक्क्यावर मोडत नाही. ओळ किती पॉइंट बाहेर गेली याचा हिशेब मात्र लॉगमध्ये पाच दशांश स्थळांपर्यंत. सोसायटीचे सेक्रेटरी गळती अशीच मोजतात.

गाईडनी सूची पाहिली. त्या पत्त्याला पेन्सिलने गोल केला आणि शेजारी लिहिलं, ‘हे पान कोणत्या भाषेत आहे?’

भाषा लिहायला बिबटेकमध्ये रकाना नाही.